सोळातून चार गेले, उरले किती?

संगणक सुरू होताना त्याला जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक साधा प्रश्न विचारतो: तुझा शेवटचा ब्लॉक कितवा, आणि एकेक ब्लॉक केवढा? स्कझी डिस्कांच्या भाषेत या आज्ञेचं नाव 'रीड कपॅसिटी'. डिस्क दोन आकडे सांगते. ब्लॉकची मोजणी शून्यापासून असते, म्हणून पहिल्या आकड्यात एक मिळवायचा, ब्लॉकच्या आकाराने गुणायचं, की क्षमता हाती आली. साध्या डिस्कचं हे उत्तर कारखान्यातच ठरलेलं असतं. पण अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांची एकच करून दाखवणाऱ्या रेड कंट्रोलरला हाच प्रश्न विचारला, की तो ज्या डिस्कबद्दल बोलतो ती डिस्क हातात धरून दाखवता येत नाही. खोक्यात चार, आठ, बारा डिस्क फिरत असतात आणि संगणकाला दिसते एकच. तिला लॉजिकल डिस्क म्हणतात. तिचा आकार मोजलेला नसतो. हिशेब करून जाहीर केलेला असतो.

तो हिशेब एका उदाहरणावर शेवटच्या ब्लॉकपर्यंत करून बघू. समजा, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चार टेराबाइटच्या चार डिस्क आणल्या आणि लिनक्सवर त्यांची रेड ५ बांधली. बिलाप्रमाणे माल सोळा टीबीचा. पडद्यावर आकडा आला १०.९२. पाच टीबी गेले कुठे, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी 'फॉरमॅटिंगमध्ये जातात हो' असं उत्तर मिळतं. हे उत्तर इतकं रुळलेलं आहे की ते तपासावं असंही कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात या टप्प्यावर फॉरमॅटिंग झालेलंच नसतं.

या पाचांपैकी चार आपण स्वखुशीने दिलेले आहेत. कशासाठी, ते कळायला १९८८ साली जावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी त्या वर्षी रेडवरचा मूळ निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी मोठ्या संगणकाला आयबीएम ३३८० सारखी अवाढव्य डिस्क लागायची. तिची क्षमता ७,५०० मेगाबाइट. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी कॉनर पेरिफेरल्सची सीपी ३१०० मिळत होती, १०० मेगाबाइटची. ७५ छोट्या एकत्र केल्या की एका मोठीइतकी जागा होते, आणि ७५ ठिकाणी एकाच वेळी वाचता-लिहिता येतं, त्यामुळे वेगही कितीतरी जास्त मिळतो. मग सगळे तसंच का करत नव्हते? कारण एका छोट्या डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभर डिस्कांच्या जथ्यात पहिली डिस्क बंद पडायला सरासरी ३०० तास पुरतात. म्हणजे पुरते दोन आठवडेही नाहीत. कुठलीही एक गेली की सगळाच डेटा गेला, असं असेल तर ही स्वस्ताई परवडणार नाही. म्हणून काही जागा संरक्षणासाठी बाजूला काढायची, असा त्यांचा प्रस्ताव होता.

त्या निबंधाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक पातळीच्या तक्त्यात 'वापरता येण्याजोगी जागा' अशी ओळ आहे. पहिली पातळी, म्हणजे मिररिंग: ५० टक्के. दुसरी, हॅमिंग कोडची: दहा डेटा डिस्कांमागे चार तपासणीच्या, म्हणून ७१ टक्के, पंचवीसमागे पाच, म्हणून ८३. तिसरी, चौथी आणि पाचवी: गट कितीही मोठा असला तरी तपासणीची डिस्क एकच, म्हणून दहाच्या गटात ९१ आणि पंचवीसच्या गटात ९६ टक्के. किती जाणार हे पहिल्या दिवसापासून छापील होतं. पुढे विक्रीच्या पत्रकांमध्ये ती ओळ बारीक टायपात गेली, ही गोष्ट वेगळी.

आता आपल्या चार डिस्क. 'चार टीबी' या शब्दांमागे नेमके किती ब्लॉक असावेत, हे एकेकाळी ज्याचं त्याने ठरवलेलं असायचं. पुढे आयडेमा या डिस्क उद्योगाच्या संघटनेने त्याचं एक सूत्र ठरवून दिलं. ५१२ बाइटच्या ब्लॉकसाठी ते असं: ५० गिगाबाइटला ९,७६,९६,३६८ ब्लॉक, आणि त्यापुढच्या प्रत्येक गिगाबाइटला १९,५३,५०४. चार टीबी म्हणजे ४,००० गिगाबाइट. त्यातून ५० वजा, उरले ३,९५०. गुणाकार-बेरीज केली की ७,८१,४०,३७,१६८ हा आकडा येतो. कोणत्याही प्रमुख कंपनीची चार टीबीची डिस्क लिनक्सला जोडा, हाच आकडा दिसेल. त्याला ५१२ ने गुणलं की ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट होतात. चार टीबी म्हणजे चार लाख कोटी बाइट, आणि मिळाले त्याहून ७८ कोटींनी जास्त. दुकानदाराने आणि कंपनीने, दोघांनीही माप पुरेपूर घातलेलं आहे.

मग तूट दिसते कशी? उत्तर मापाच्या नावात आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. नाव एकच, पण कलकत्त्याचा मण मुंबईत उतरला की जवळजवळ तीन मण व्हायचा. टेराबाइटचं तसंच आहे. डिस्क बनवणारे टेरा म्हणजे दहाचा बारावा घात धरतात. संगणकाची मेमरी मात्र दोनाच्या घातांत वाढते, म्हणून कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांनी दोनाचा चाळिसावा घात, म्हणजे १०,९९,५१,१६,२७,७७६ बाइट, यालाही टेराबाइट म्हणायला सुरुवात केली. किलोच्या पातळीवर हा फरक २.४ टक्के असतो, गिगाला ७.४ टक्के आणि टेराला जवळपास १० टक्के. डिस्क जितक्या मोठ्या होत गेल्या तितकी लोकांची कुरकुर वाढली, त्याचं कारण हेच.

कुरकुर कोर्टातही गेली. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये आणि सीगेटने २००७ मध्ये याच मुद्द्यावरच्या दाव्यांत ग्राहकांशी तडजोड केली. त्याआधीच, १९९८ साली, आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने दोनाच्या घातांसाठी वेगळी नावं दिली होती: किबी, मेबी, गिबी, टेराच्या जोडीला टेबी. लिनक्समधली बरीच साधनं आता दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापतात. ॲपलने २००९ पासून मॅकवर दशमान पद्धत घेतली. विंडोज मात्र आजही भागाकार दोनाच्या घाताने करतं आणि पुढे 'टीबी' लिहितं. मापात पाप असेल तर ते इथे आहे, असं माझं मत. आपली चार टीबीची डिस्क ३.६४ टेबीबाइटची आहे. एक बाइटही कमी झालेला नाही, आणि तरी चारांच्या बेरजेत दीड टीबी 'गायब' दिसतात.

खरी वजाबाकी पुढे सुरू होते. चार सुट्या डिस्कांचा ॲरे बनतो तेव्हा प्रत्येक डिस्कवर आपली ओळख लिहावी लागते: मी अमुक ॲरेची, माझा क्रमांक तमुक, पातळी पाचवी, एकूण सदस्य चार. ही नोंद नसेल तर खोकं बदलून डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावल्यावर त्यांचा क्रमच कळणार नाही. लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनात हिला सुपरब्लॉक म्हणतात. आजच्या प्रचलित १.२ आवृत्तीत ती डिस्कच्या सुरुवातीपासून ४ किलोबाइटांवर असते. नोंद स्वतः अगदी छोटी, पण डेटा सुरू होतो बराच पुढून. मोठ्या डिस्कांवर सर्रास दिसणारं अंतर २,६२,१४४ ब्लॉकचं, म्हणजे १२८ मेबीबाइटचं. इतकी मोकळी जागा कशाला? उद्या पाचवी डिस्क जोडून ॲरेची रचना बदलायची झाली, तर हलत्या डेटाला पाय टेकायला थोडी जागा लागते, म्हणून. हार्डवेअर कंट्रोलर आपली नोंद बहुधा डिस्कच्या शेवटी ठेवतात. डीडीएफ या सामायिक मांडणीतही ती शेवटीच असते.

२,६२,१४४ वजा केले की प्रत्येक डिस्कवर ७,८१,३७,७५,०२४ ब्लॉक उरतात. तेही सगळे वापरता येत नाहीत. रेड ५ मध्ये डेटा थेंबाथेंबाने नाही, ठरावीक तुकड्यांनी वाटला जातो. या तुकड्याला चंक म्हणतात. एमडीएडीएमचा नेहमीचा चंक ५१२ किलोबाइटचा, म्हणजे १,०२४ ब्लॉकचा. प्रत्येक डिस्कवर पूर्ण चंक ७६,३०,६३९ बसतात, आणि तळाशी ६८८ ब्लॉक सुटे राहतात. त्यांच्यात अख्खा चंक मावत नाही, म्हणून ते सोडून द्यायचे. ३४४ किलोबाइट, मोबाइलवरचा एक फोटोही त्यात धड बसणार नाही. पण कागदावरचा हिशेब आणि यंत्राचा आकडा जुळवताना नेमके हेच सुटे ब्लॉक विसरतात, आणि उत्तर थोडक्यासाठी चुकतं. हाताशी उरले दर डिस्क ७,८१,३७,७४,३३६ ब्लॉक.

आता पॅरिटी. तीन डिस्कांवर शेजारी शेजारी तीन चंक लिहिले, की चौथ्या डिस्कवर त्यांचा 'एक्सॉर' लिहायचा. नियम सोपा: एकाच जागेवरच्या बिटांमध्ये १ ची संख्या विषम असेल तर १, सम असेल तर ०. चार-चार बिट घेऊन बघा. पहिली डिस्क १०११, दुसरी ०११०, तिसरी ११००. पहिल्या स्तंभात १ दोनदा, म्हणून ०. दुसऱ्यात दोनदा, म्हणून ०. तिसऱ्यात दोनदा, म्हणून ०. चौथ्यात एकदाच, म्हणून १. पॅरिटी आली ०००१. आता दुसरी डिस्क जळाली असं समजा. उरलेल्या १०११, ११०० आणि ०००१ यांना तोच नियम लावा, ०११० परत मिळतो. गेलेली डिस्क कुठली, याने काहीच फरक पडत नाही. डेटाच्या डिस्क तीन असोत वा तेवीस, पॅरिटीची जागा एकाच डिस्कइतकी लागते. म्हणून रेड ५ चं सूत्र 'डिस्क वजा एक'. पॅरिटीसाठी एखादी डिस्क राखून ठेवलेली नसते. ती आळीपाळीने सगळ्यांवर फिरते, नाहीतर प्रत्येक लिखाणाचा भार त्या एकीवर पडेल. चौथ्या पातळीत ती एकाच जागी असते आणि तिथेच ती पातळी अडखळते.

तर तीन गुणिले ७,८१,३७,७४,३३६, म्हणजे २३,४४,१३,२३,००८ ब्लॉक. बाइटमध्ये १,२०,०१,९५,७३,८०,०९६. दशमान पद्धतीने १२ टीबी, टेबीबाइटमध्ये १०.९२. पडद्यावर आलेला आकडा हाच.

ताळा करून पाहू. चार डिस्कांवर मिळून बाइट होते १,६०,०३,१४,८१,२०,०६४. पॅरिटीला गेले ४०,००,६५,२४,६०,०३२. ओळखपाळखीला आणि सुट्या ब्लॉकांना मिळून गेले ५३,८२,७९,९३६, म्हणजे अर्ध्या गिगाबाइटच्या आसपास. एकूण मालाच्या सुमारे तीस हजारांत एक भाग! 'फॉरमॅटिंगमध्ये जातात' असं ज्याला फार तर म्हणता येईल तो एवढाच भाग. पाचांतले चार टीबी पॅरिटीने घेतले, ते देऊन एक डिस्क मेली तरी डेटा जगेल याची हमी मिळाली. उरलेला एक आणि काही अंश नुसता मापाच्या नावामुळे गेलेला दिसतो, त्याच्या बदल्यात काहीच मिळत नाही, कारण तो गेलेलाच नाही.

इथपर्यंत चारही डिस्क तंतोतंत सारख्या धरल्या. त्या सारख्या नसल्या, तर सर्वांत लहान डिस्कचं माप सगळ्यांना लागू होतं. तीन डिस्क चार टीबीच्या आणि एक आठची असेल तर आठच्या निम्म्या भागाला रेड ५ मध्ये काही कामच नाही. हे उघड आहे. खरा घोळ बारीक फरकात होतो. तीन वर्षांनी एक डिस्क बंद पडते, तेच मॉडेल बाजारात मिळत नाही, दुसऱ्या कंपनीची 'चार टीबी' आणली जाते, आणि तिच्यात दोन-चार हजार ब्लॉक कमी निघाले तर ॲरे तिला दारातूनच परत पाठवतो. बत्तीस लाख कोटी बिटांच्या मानाने तो फरक नगण्य आहे, पण शेवटचा चंक लिहायला जागाच नसेल तर कंट्रोलर तरी काय करणार? आयडेमाच्या सूत्राची खरी किंमत या प्रसंगी कळते. कंट्रोलर बनवणाऱ्यांनी त्याआधीच आपली तजवीज केली होती. मेगारेड कंट्रोलरांच्या सेटिंगमध्ये 'कोअर्शन' नावाचा पर्याय असतो: प्रत्येक डिस्कचं माप खाली उतरवून १२८ मेगाबाइटच्या किंवा १ गिगाबाइटच्या पटीत आणायचं. ज्यांना थोडी जागा वाया जाण्याचं दुःख होतं ते हा पर्याय बंद करतात. माझ्या मते तो बंद करू नये. एक गिगाबाइटने चार टीबीच्या डिस्कचं काही बिघडत नाही, आणि रात्री अकराला बदली डिस्क नाकारली गेली तर खूप बिघडतं. एमडीएडीएममध्येही ॲरे बांधतानाच प्रत्येक डिस्कचा किती भाग वापरायचा हे सांगता येतं. तिथे हातचं थोडं राखावं.

पातळी निवडताना लोक क्षमतेचा तक्ता पाहतात आणि तिथेच थांबतात. आपल्याच चार डिस्क रेड ६ मध्ये लावल्या तर 'डिस्क वजा दोन', म्हणजे ८ टीबी. रेड १० मध्ये लावल्या, म्हणजे दोन-दोनच्या जोड्या करून, तरी ८ टीबीच. क्षमता सारखी, मग फरक कशात? चारांपैकी दोन डिस्क मरण्याचे एकूण प्रकार सहा. रेड ६ सहाही प्रकारांत टिकतं. रेड १० चारांत टिकतं. मेलेल्या दोन्ही डिस्क एकाच जोडीतल्या निघाल्या तर नाही, आणि असे प्रकार दोन. उलट रेड ६ ला दुसरी पॅरिटी काढायला साधा एक्सॉर पुरत नाही, सान्त क्षेत्रांचं बीजगणित लागतं, आणि छोट्या छोट्या लिखाणात ते मागे पडतं. डेटाबेस चालवायचा असेल तर मी रेड १० कडे झुकेन. लग्नाचे व्हिडिओ एकदा लिहून वर्षानुवर्षं नुसते ठेवायचे असतील तर रेड ६ कडे.

आणि रेड ५? आपल्या उदाहरणात एक डिस्क गेली तर नवी भरायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टीबी. घरगुती वापराच्या अनेक डिस्कांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की न वाचता येणारी चूक दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक. दहाचा चौदावा घात बिट म्हणजे साडेबारा टीबी. पत्रकातला आकडा कमाल मर्यादा आहे, बहुतेक डिस्क त्याहून बऱ्याच चांगल्या वागतात. तरीही बारा आणि साडेबारा इतके जवळ आल्यावर मोठ्या डिस्कांवर रेड ५ बांधायला जाणकार का कचरतात हे कळतं. चार टीबी वाचवायला गेलो आणि आणीबाणीच्या वेळी जुगार खेळायला लागला, असा तो व्यवहार आहे.

मोठ्या खोक्यांत आणखी एक डिस्क हिशेबाबाहेर ठेवतात: हॉट स्पेअर. ती फिरत असते पण तिच्यावर काही नसतं. कुणी मेलं की तिने लगेच जागा घ्यायची. आठ टीबीच्या बारा डिस्क, एक स्पेअर, रेड ६: बारातून एक, मग दोन, उरल्या नऊ, ७२ टीबी, म्हणजे साधारण ६५.५ टेबीबाइट. बिलावर मात्र ९६.

वेगवेगळ्या मापांच्या डिस्क घरात पडून असणाऱ्यांसाठी सिनॉलॉजी कंपनीच्या एसएचआर पद्धतीने एक सुरेख वाट काढली. दोन डिस्क चार टीबीच्या आणि दोन आठच्या आहेत. सरळ रेड ५ केली तर सगळ्या चारच्याच धरल्या जातील आणि मिळतील १२. एसएचआर त्यांचे आडवे थर करतं. खालच्या थरात चारही डिस्कांचे चार-चार टीबी, त्यांची रेड ५: बारा मिळाले. वरच्या थरात दोन मोठ्या डिस्कांचे उरलेले चार-चार, त्यांचा मिरर: आणखी चार. एकूण सोळा. आत लिनक्सचीच साधनं आहेत, एमडी आणि एलव्हीएम. याचं सूत्र तोंडी लक्षात ठेवण्याइतकं छोटं निघतं: सगळ्या डिस्कांची बेरीज करा आणि सर्वांत मोठी वजा करा. प्रत्येक थरात एका डिस्कइतकी जागा जाते, आणि सर्वांत मोठी डिस्क प्रत्येक थरात असतेच, म्हणून. तीन चारच्या आणि एक आठची असेल तर बेरीज २०, वजा ८, उरले १२. म्हणजे या वेळी एसएचआरनेही काही फायदा नाही, कारण वरच्या थरात आठची डिस्क एकटीच पडते. एकट्याचा मिरर होत नाही.

कंट्रोलरने जाहीर केलेला आकडा संगणकाला पेलवतो का, हा प्रश्न एकेकाळी फार छळायचा. जुन्या रीड कपॅसिटी आज्ञेत ब्लॉकच्या क्रमांकाला ३२ बिटच असतात. ५१२ बाइटच्या ब्लॉकने त्यात २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट मावतात, म्हणजे बरोबर दोन टेबीबाइट. एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यालाही हीच भिंत आहे. त्यामुळे त्या काळी एकाच डिस्कगटातून दोन-दोन टेबीच्या तीन-चार लॉजिकल डिस्क कापून द्यायची पद्धत होती. आज १६ बाइटची नवी आज्ञा आणि जीपीटी तक्ता यांनी ती भिंत पाडली आहे. जुना सर्व्हर धूळ झटकून पुन्हा वापरायला काढणाऱ्याला ती अजूनही लागते.

यानंतर फाइल सिस्टीमचा वाटा. ईएक्सटी४ बनवताना आपण काही सांगितलं नाही तर ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखली जाते. आपल्या बारा टीबींवर ती ६०० गिगाबाइट होते! सिस्टीमच्या डिस्कवर ही राखण शहाणपणाची आहे, डिस्क गच्च भरली तरी प्रशासकाला आत शिरता येतं. नुसत्या व्हिडिओंच्या साठ्यावर तिची गरज नाही, आणि ती एका आज्ञेने कमी करता येते. पॅरिटीवरून दुकानदाराशी भांडणारे लोक हे सहाशे गिगाबाइट वर्षानुवर्षं तसेच सोडतात.

ॲरे वाढवायचा झाला तर? चारच्या डिस्क एकेक करून काढून आठच्या घातल्या आणि प्रत्येक वेळी नवी डिस्क पूर्ण भरू दिली, तरी तिसऱ्या डिस्कपर्यंत क्षमता तसूभरही वाढत नाही. सर्वांत लहान डिस्क अजून चारचीच आहे. चौथी बदलल्यावरही आकडा आपोआप हलत नाही, कारण प्रत्येक डिस्कचा किती भाग वापरायचा ते सुपरब्लॉकमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ते बदलायला वेगळी आज्ञा द्यावी लागते, मग नव्या भागाची पॅरिटी जुळवली जाते, आणि शेवटी फाइल सिस्टीमला सांगावं लागतं की तुझं अंगण मोठं झालं आहे, पसर.

घटवताना क्रम उलटा. आधी फाइल सिस्टीम आखडायची, मग ॲरे. ईएक्सटी४ आखडता येते, पण अनमाउंट करूनच. एक्सएफएसमध्ये ती सोय जवळपास नाहीच. हा क्रम चुकला तर फाइल सिस्टीमचं शेपूट लॉजिकल डिस्कच्या बाहेर राहतं आणि पुढे तिथलं सगळं पुसलं जातं. म्हणून डिस्कांची संख्या कमी करण्याआधी एमडीएडीएम आपल्याला ॲरेचा फक्त दिसणारा आकार कमी करायला लावतं. तो कमी केला की संगणकाला लहान डिस्क दिसू लागते, पण खाली कुठलाही ब्लॉक हललेला नसतो. फाइल सिस्टीम तपासायची, फाइली उघडून पाहायच्या. काही तुटलेलं दिसलं तर आकडा पुन्हा होता तेवढा करायचा, आणि डिस्क होती तशी परत येते.